चिखलाची तालीम

जयपुरात चिखल मिळत नाही, तो करावा लागतो, असं वानखडेसर म्हणत तेव्हा ऐकणारा हसायचा. सर हसत नसत. विद्याधर नगरातल्या त्यांच्या घरामागे थोडी मोकळी जागा होती. तिथे त्यांनी दोन खाटा मावतील एवढा खड्डा खणून घेतला. आधी त्यात नुसतं पाणी ओतून पाहिलं. इथली माती रेताड, ती सगळं पाणी पिऊन पुन्हा कोरडी. मग त्यांनी खाली ताडपत्री अंथरली, शहराबाहेरच्या एका तळ्यातला गाळ ट्रॉलीभर आणवला, त्यात पालापाचोळा आणि कुजकं गवत कालवलं, आणि स्वयंपाकघरातल्या आरओमधून वाया जाणारं पाणी बादल्या भरभरून रोज त्यात सोडलं. नळाचं पाणी या कामाला घ्यायचं नाही हा त्यांचा नियम होता. इथल्या नळाला पाणी किती वेळ येतं हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या नियमाचं मोल कळेल. थोड्याच दिवसांत खड्ड्याला वास सुटला. पलीकडचे शर्माजी कुंपणावरून डोकावून म्हणाले, "माट्साब, भैंस पाल ली क्या?"

सरांनी त्यांना म्हैस नसल्याचं गंभीरपणे सांगितलं. मग पाठीला भलीमोठी सॅक लावून, हातात काठी घेऊन ते पोटरीपर्यंत त्या चिखलात उतरले आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चालू लागले. टोक आलं की वळायचं, पुन्हा चालायचं, आणि प्रत्येक पावलाला स्वतःलाच बजावायचं, "आधी काठी, मग पाय." मे महिना होता. बाहेर लू वाहत होती आणि अख्ख्या राजस्थानात त्या घडीला पाय चिखलात असलेला हा बहुधा एकटाच निवृत्त प्राध्यापक असावा.

हे मला दिसायचं, कारण आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत होती. सर आमच्याच कॉलेजात भूगोल शिकवत, मी संख्याशास्त्र. ते यवतमाळकडचे, मी साताऱ्याची. आमच्या मराठीत तेवढंच अंतर होतं, पण सगळीकडे हिंदीच ऐकू येणाऱ्या शहरात तेही अंतर गोड वाटायचं. माझ्या गावाकडच्या डोंगरांचं कौतुक मी सुरू केलं की सर म्हणायचे, "तुमच्याकडे दगड आहेत हो. माती आमच्याकडे. काळ्या मातीत बूट घालून दहा पावलं चालून दाखवा, मग बोलू." आयुष्यभर त्यांनी मुलांना बेटं शिकवली, ज्वालामुखीची, प्रवाळाची, खंडापासून तुटलेली. स्वतः एकाही बेटावर पाय ठेवला नव्हता. याचं त्यांना काही वाटत नसे.

सरांना ओळखायचं तर एकच गोष्ट समजून घ्यावी लागे. ते कुठलीही गोष्ट पहिल्यांदा करत नसत. तालीम आधी. नागपूरला जायचं असलं की आदल्या दिवशी सगळं सामान भरून, बायकोला बरोबर घेऊन, ते फाटकापर्यंत चालत जाऊन परत यायचे. कुठली बॅग कुणाच्या हाताला रगडते ते आधीच कळलेलं बरं. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत त्यांचं प्रास्ताविक असायचं, त्याची तालीम घरच्या जेवणघरात व्हायची. "इथे लोक टाळ्या वाजवतील" असं म्हणून ते थांबायचे, आणि त्यांच्या पत्नी प्रमिलाताई पोळी लाटता लाटता लाटणं पोळपाटावर आपटायच्या. निवृत्तीची तालीमसुद्धा त्यांनी केली. वर्षभर आधी एक आठवडा रजा काढून घरी बसले आणि कॉलेजात परत येऊन मला म्हणाले, "जमते. पण दुपार लांब असते."

हे सगळं ऐकायला मजेचं आहे. आम्ही स्टाफरूममध्ये पोट धरून हसलोय. पण ज्याच्या आयुष्याची तालीम दुसऱ्याने घेतली, त्याला विचारा.

तो म्हणजे निखिल, सरांचा एकुलता एक मुलगा. बारावीच्या वर्षी सर त्याला रोज सकाळी शाळेचा गणवेश घालून जेवणाच्या टेबलाशी बसवायचे. परीक्षेच्या वेळेला, परीक्षेएवढा वेळ. पाणी प्यायचं तर हात वर करायचा, लघवीला जायचं तर परवानगी मागायची. सर स्वतः हात मागे बांधून पर्यवेक्षकासारखे खोलीत फेऱ्या मारायचे. एवढं करून पोरगा खऱ्या परीक्षेच्या दिवशी कोरा झाला. इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेत अर्ध्यातून उठून बाहेर आला. सर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे ठरवलं की तालीम कमी पडली. निखिलने एक वर्ष ड्रॉप घेतला, म्हणजे सरांनी त्याला घ्यायला लावला, आणि ते पूर्ण वर्ष त्या टेबलाशी गेलं. तोच गणवेश, तेच घड्याळ. वर्षाच्या शेवटी त्याला प्रवेश मिळाला, घरापासून जितक्या लांब मिळेल तितक्या लांबच्या कॉलेजात. नंतर तो न्यूझीलंडला गेला, तिथेच नोकरी धरली, तिथल्याच हॅनाशी लग्न केलं. जयपूरला यायचा तो पाहुण्यासारखा, चार दिवसांसाठी. सर बैठकीत आले की याला काहीतरी आठवायचं आणि हा उठून आत जायचा.

तर या निखिलने एकदा फोनवर एक वाक्य म्हटलं. ते मी स्वतः ऐकलं नाही, पण सरांनी मला इतक्या वेळा सांगितलंय की मला ते पाठ आहे. "पप्पा, इकडे एकदम खाली एक बेट आहे. मतलब, तिथे रस्ताच नाही, पूर्ण चिखल. कितीतरी दिवस चालावं लागतं. तुम्ही आलात तर जाऊ आपण, साथ में."

आपल्याकडे निरोप घेताना दारात उभं राहून लोक म्हणतात, "या एकदा निवांत, जेवायलाच या." त्यावर कुणी पंचांग उघडून बसत नाही. निखिलचं वाक्य तसलं होतं हे मला तेव्हाच कळलं. प्रमिलाताईंनाही कळलं होतं. सरांना कळलं नाही. ज्याने आयुष्यात उगाच म्हणून काही म्हटलं नाही, त्याला दुसऱ्याचं उगाच म्हटलेलं ओळखू येत नाही. त्यांनी त्याच दिवशी त्या बेटाचा नकाशा मिळवला आणि भिंतीवर लावला.

मग जे सुरू झालं ते वर्षाहून जास्त चाललं. पाठीवरच्या सॅकमध्ये आधी गव्हाच्या पिठाच्या पिशव्या, पुढे त्यांत भर म्हणून प्रमिलाताईंचा वरवंटा. पहाटे नाहरगड किल्ल्याचा चढ. ओल्या पायांची सवय हवी म्हणून हा माणूस मोजे पाण्यात बुडवून, तसेच घालून बँकेत जायचा, आणि बँकेतल्या फरशीवर त्यांच्या बुटांचे ठसे उमटायचे. बनी पार्कमधल्या एका शिंप्याकडून त्यांनी जाड ताडपत्रीची पोटऱ्यांना बांधायची आवरणं शिवून घेतली, बुटात चिखल शिरू नये म्हणून. शिंप्याला वाटलं ती घोड्यासाठी आहेत. गच्चीवर चादरी अंथरून त्यांनी वाटेत न्यायला हलकी म्हणून शिजवलेली खिचडी वाळवली, मग पाणी घालून पुन्हा शिजवली आणि घरात सगळ्यांना खायला लावली. मीही खाल्ली आहे. तिला वाळूची चव होती, पण सर समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होते, म्हणून मी चांगली झालीय म्हणाले. बैठकीत तंबू लागला. कूलर त्याच्या तोंडाशी लावून प्रमिलाताईंनी मधून मधून मगाने पाणी मारायचं, म्हणजे वारा आणि पाऊस. त्या मारायच्याही. एकदा मी तिथे असताना त्यांनी अख्खी बादली मारली, आणि आतून सरांचा आवाज आला, "असा पाऊस तिकडे असते. असाच."

आणि बूट. त्या देशात शिरताना बुटाला मातीचा कणही चालत नाही, तपासतात, असं त्यांनी वाचलं होतं. त्यामुळे रोज चिखल तुडवून झाला की सर पायरीवर बसून जुन्या टूथब्रशने बुटांच्या तळव्याची एकेक खाच घासत. हीसुद्धा तालीमच.

या सगळ्याचे व्हिडिओ निखिलला जायचे. प्रमिलाताई काढायच्या, सर पाठवायचे. तिकडून कधी अंगठा यायचा, कधी तोही नाही. मला चीड यायची. एक दिवस मी न राहवून विचारलं की सर, तारीख ठरलीय का, तिकीट काढलंय का. सर म्हणाले, "तो सांगेन ना. त्याच्या सुट्ट्या असतात." मग बुटाकडे बघत म्हणाले, "मॅडम, घरात मी बोलायला गेलो की तो उठून जाते. तिथे कुठे जाईन? चिखलात पळता येत नाही माणसाला."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की या माणसाला बेटाशी काही देणंघेणं नाही. 

पुरतं कळलं ते आणखी काही दिवसांनी. मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. भिंतीपलीकडे चिखलाचा पचपच आवाज येत होता. "आधी काठी, मग पाय" मात्र येत नव्हतं. सर दुसरंच काही पुटपुटत होते. टोकाशी पोचले की थांबायचे, वळायचे आणि तेच पुन्हा, जरा वेगळं करून. "निखिल, त्या वर्षी माझं चुकलं." पचपच. "निखिल, एक सांगायचं होतं. ते वर्ष मी तुझं वाया..." पचपच. "बेटा, माझं चुकलं." 'बेटा' हा शब्द त्यांनी लगेच काढून टाकला, बहुतेक तोंडाला बसला नसावा. मी हातातला ओला टॉवेल तसाच धरून उभी राहिले. आयुष्यात इतकं अवघडलेलं मला क्वचितच वाटलं असेल. मुलाची माफी मागायची म्हणून हा माणूस पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन चिखलात उतरायला तयार होता, आणि तो मुलगा व्हिडिओला अंगठा दाखवत होता.

पुढे एकदा मी आडून आडून म्हटलं की मनातलं फोनवरही बोलता येतं. सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी परीक्षेला पेन न आणलेली विद्यार्थिनी असावे. "फोनवर? एवढी तालीम करून प्रयोग काय फोनवर करायचा असते का?"

त्या डिसेंबरात निखिल आला. एका मावसबहिणीचं लग्न होतं, त्यासाठी. एकटाच आला होता. सरांनी त्याला चहासुद्धा धड पिऊ दिला नाही, सरळ मागे नेलं. मला हाक मारून बोलावलं, कारण प्रेक्षक हवा. खड्ड्यात ताजं पाणी सोडलेलं होतं. सर सॅक लावून उतरले, दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, "ये. एक रंगीत तालीम दोघांची होऊन जाऊ दे." निखिल काठावर पांढऱ्या बुटांत उभा होता. तो उतरला नाही.

"पप्पा, मी सहज म्हटलं होतं," तो म्हणाला.

"हो ना. म्हणून तर तयारी करून राहिलो."

"नाही, मतलब..." त्याने आमच्याकडे बघितलं. प्रमिलाताई दारात होत्या, त्यांनी नजर खाली केली. "मी जाऊन आलो तिथे. मागच्या महिन्यात. हॅनाच्या डॅडींबरोबर."

सर चिखलात उभे होते. निखिलने घाईने खिशातून फोन काढला आणि वाकून सरांपुढे फोटो धरला. मीही पाहिला. एक पांढऱ्या केसांचा, सुटलेल्या पोटाचा गोरा म्हातारा मांडीपर्यंत चिखलात रुतलाय, निखिल त्याला दोन्ही हातांनी ओढतोय, आणि दोघांना हसू आवरत नाहीय. निखिलला असं हसताना मी त्याच्या लहानपणीही पाहिलं नव्हतं.

"यांनी तयारी काय केली होती?" सरांनी विचारलं.

"कुछ नहीं. शुक्रवारी मी विचारलं, शनिवारी निघालो."

"बूट?"

"माझे जुने दिले."

सरांनी फोटो पुन्हा पाहिला. अंगठा आणि बोट लावून मोठा केला, पाहिला, आणि खाली आपल्या खड्ड्याकडे पाहून म्हणाले, "आपल्यापेक्षा पातळ दिसते." निखिल हसला. सुटल्यासारखा हसला. सरही हसले, त्याच्यासाठी.

मला वाटलं, आता. आता म्हणा ते वाक्य. पाय चिखलात आहेत, मुलगा समोर उभा आहे, आणखी काय पाहिजे? पण सर सावकाश बाहेर आले, पायरीवर बसले आणि बुटांच्या नाड्या सोडू लागले. निखिल म्हणाला, मला जरा फोन करायचाय, आणि आत गेला.

तो परत निघाला त्या दिवशी फाटकाशी त्याची टॅक्सी उभी होती. सर वर होते, खाली येत होते. निखिलने मला नमस्कार केला तेव्हा माझ्या चेहऱ्यावर जे काय होतं ते त्याला दिसलं असावं. तो म्हणाला, "काकू, तुम्हाला वाटतं मी वाईट आहे. ते व्हिडिओ मी बघायचो. मतलब, पूर्ण नाही बघू शकायचो. ती काठी, ते मोजे, तो टाइम. मला परत त्या टेबलपाशी बसल्यासारखं वाटायचं. हॅनाचे डॅड पडले तर हसतात. पप्पांसोबत मी पडलो तर परत पहिल्यापासून." एवढ्यात सर आले आणि त्याची बॅग उचलून टॅक्सीपर्यंत घेऊन गेले.

तो खोटं बोलत नव्हता. सरांनीही कधी खोटेपणा केला नव्हता. पण मला तेव्हा दोघांचाही राग आला, आणि आजही तो पुरता गेलेला नाही. एका वाक्याचं काम होतं. ते ज्याला म्हणायचं होतं तो योग्य जागेची वाट बघत राहिला, आणि ज्याला ऐकायचं होतं तो प्रत्येक जागेवरून उठून गेला.

त्यानंतर खड्डा सुकला. जयपुरात त्याला फार दिवस लागत नाहीत. प्रमिलाताईंनी त्यात कढीपत्ता आणि मेथी लावली. नकाशा उतरला. सर पहाटे फिरायला जात राहिले, आता रिकाम्या पाठीने. त्या बेटाचं नाव त्यांच्या तोंडून मी पुन्हा ऐकलं नाही. मी एकदा विषय काढला तर म्हणाले, "भूगोल झाला तो." मी पुढे काही विचारावं असा तो आवाज नव्हता.

त्यानंतर वर्षभराने, जानेवारीत, मला पुण्यातल्या एका कॉलेजात नोकरी मिळाली. निघायच्या आधी निरोप घ्यायला म्हणून गेले, तर ती दोघं व्हरांड्यात उन्हाला मांडी घालून मटार सोलत बसली होती. मीही बसले. इथे हिवाळ्यात घरोघरी हेच चाललेलं असतं. सर शेंग सोलायचे तीही एका ठरलेल्या पद्धतीने, देठाकडून, आणि दाणा बाहेर उडाला की उठून शोधायचे. बोलता बोलता निखिलचा फोन आला. सरांच्या ओंजळीत दाणे होते म्हणून प्रमिलाताईंनी स्पीकर लावून फोन मध्ये ठेवला.

निखिलला मुलगी झाली होती, काही महिन्यांची. तिच्याविषयी बोलणं झालं, दात, झोप, सर्दी. मग त्याचा आवाज बदलला. "पप्पा, फेब्रुवारीत या ना. आपण जाऊ त्या बेटावर. आपण दोघं. सहज नाही म्हणत. मी सुट्टी टाकलीय, तिकीट मी पाठवतो."

प्रमिलाताईंचे हात थांबले. मला त्या क्षणी इतका आनंद झाला होता की सरांच्या वतीने मीच हो म्हणून टाकलं असतं.

सरांनी हातातली शेंग पूर्ण सोलली. दाणे पातेल्यात टाकले, टरफल बाजूला ठेवलं. "नाही रे," ते म्हणाले, "माझी तयारी नाही."

"तयारी नको आहे, पप्पा. असेच या."

"गुडघे गेले ना आता. दोन्ही. चढवत नाही."

सरांचे ओठ हलले. मला ते वाक्य पाठ होतं, भिंतीपलीकडून ऐकून ऐकून, आणि मी ते येण्याची वाट बघत राहिले. सर फोनकडे जरा वाकले आणि म्हणाले, "तिच्या कानाला टोपी बांधत जा. तिकडे वारं असते."

"हो, पप्पा," निखिल म्हणाला, आणि फोन बंद झाला.

पातेलं भरलं होतं. सरांनी ते दोन्ही हातांनी उचललं आणि मांडी घातलेल्या बैठकीतून, कुठेही हात न टेकता, एका दमात सरळ उभे राहिले. उंबरा ओलांडून ते आत गेले. प्रमिलाताई त्यांच्या पाठीकडे बघत होत्या.

"गुडघे म्हणे," त्या म्हणाल्या, आणि पुढची शेंग उचलली.